हजेरीला न येणारा मासा

जो मासा वर्षातला निम्म्याहून अधिक काळ वाळूत पुरलेला असतो, त्याची मोजदाद आवाजाने करतात म्हणे! हे वाचलं आणि ही भानगड बघायचीच ठरवलं. वसंतात उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या सर्वेक्षणाच्या बोटीवर चढलो. मासा सँडईल, नॉर्वेतला टोबिस. सडपातळ, रुपेरी, वीतभर.

बोटीच्या तळाच्या इको-साउंडरमधून ध्वनी खाली सोडायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपायचा, एवढंच तंत्र. पण पडद्यासमोरच्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "माशाच्या प्रतिध्वनीतला 90 ते 95 टक्के वाटा पोटातल्या हवेच्या पिशवीचा असतो. टोबिसला ती पिशवीच नाही." घोळ माशाच्या ज्या बोताला आपल्याकडे सोन्याचा भाव येतो, तेच हे. ते 90 ते 95 टक्के वजा करून उरेल तेवढ्यावर ही माणसं मासे मोजतात! 38 किलोहर्ट्झच्या चित्रात टोबिसचा थवा फिकट डाग, 200 च्या चित्रात ठसठशीत. या फरकावरून तो ओळखायचा. बाई माउसने थव्याभोवती रेघ ओढत. थवा तळाला टेकलेला असला की त्यांचा हात थबके. तिथे मासा कुठला आणि जमीन कुठली, हे यंत्र सांगत नाही.

हे सगळं दिवसा. अंधार पडला की टोबिस वाळूत आणि पडदा कोरा. मग ड्रेजने तळ खरवडायचा. डेकवर वाळू ओतली. खडबडीत, चिखलाचा अंश नसलेली. फटींतून पाणी खेळतं म्हणून पुरलेला मासा तीत श्वास घेऊ शकतो. ढीग क्षणभर निपचित होता, मग जागोजाग हलू लागला. एकाने डोकं बाहेर काढलं, अंग झटकलं आणि पुन्हा थेट वाळूत मुसंडी. खाऱ्या वाळूचा तो ओला वास रात्रभर कपड्यांना होता.

पडद्यावर येतो तो चरायला बाहेर पडलेला मासा. आत राहिलेल्याची नोंद ध्वनीत नाही. तरीही वर्षाचा कोटा पक्का करताना या मोजणीचा आधार घेतात, आणि पकडलेल्या टोबिसची बहुतेक कुटी आणि तेल होतं. पफिन पक्षी याच माशावर पिलं वाढवतात. बाईंच्या कसबाबद्दल मला शंका नाही. एकट्या ध्वनीच्या आकड्याबद्दल आहे. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ डिसेंबरात थेट वाळू खरवडून मोजतात. तो आकडा शेजारी ठेवल्याशिवाय कोटा ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटनने तर 2024 पासून उत्तर समुद्रातल्या इंग्लंडच्या हद्दीत आणि स्कॉटलंडच्या साऱ्या पाण्यात सँडईलची मासेमारीच बंद केली आहे.