थांबा, लगेच फॉरमॅट मारू नका!

तर झालं असं. शुक्रवारची रात्र, साडेअकरा. साताऱ्यात घरी सगळे झोपलेले आणि मी लॅपटॉपमध्ये जागा शोधत बसलेली. सोमवारी फायनल इयरची डॉक्युमेंट्री सबमिट करायची होती आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर सारखं ‘डिस्क फुल’ म्हणत होतं. दोन वर्षांपूर्वी एका वर्कशॉपनंतर हौसेनं उबंटू टाकलं होतं. विंडोजच्या शेजारी ते ८० जीबी अडवून बसलेलं. शेवटचं कधी उघडलं तेही आठवत नव्हतं. डिस्क मॅनेजमेंट उघडलं, त्याच्या पार्टिशनवर राइट क्लिक, ‘डिलीट व्हॉल्यूम’. दहा सेकंदांचं काम.

मग रीस्टार्ट केलं आणि समोर काळी स्क्रीन. वर बारीक अक्षरांत ‘जीएनयू ग्रब’, खाली नुसतं ‘ग्रब’ आणि लुकलुकणारा कर्सर. विंडोजचा पत्ता नाही.

माझं फुटेज म्हणजे संगम माहुलीच्या घाटावर तीन महिने फिरून घेतलेल्या मुलाखती. त्यातल्या एका आजोबांची मुलाखत परत घेता येणार नव्हती, कारण ते दिवाळीनंतर गेले. बॅकअप? हो, माहितीय. बोलू नका.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी शटरसमोर उभी. दुकानदारानं बटण दाबलं, स्क्रीनकडं एकदा बघितलं आणि निकाल दिला, “विंडोज उडालंय मॅडम. फॉरमॅट मारावं लागेल. आठशे रुपये. डेटाची गॅरंटी नाही.” मी ‘हो’ म्हणायच्या बेतातच होते. पण त्याआधी सांगलीला फोन लावला. शाळेतला मित्र तिथं इंजिनिअरिंगला आहे आणि त्याच्या हॉस्टेलवर असला पेशंट दर सेमिस्टरला एक तरी येतो म्हणे.

“अगं, काही उडालेलं नाही. आधी दुकानातून बाहेर ये.”

पुढचं सगळं व्हिडिओ कॉलवर. तो सांगलीत, मी साताऱ्यात, समोर तो कर्सर. त्यानं आधी काय समजावलं ते माझ्या भाषेत सांगते.

एसटी स्टँडवर नवखा माणूस आधी चौकशीच्या खिडकीकडं जातो. कॉम्प्युटरचंही तसंच. चालू झाल्या झाल्या त्याला विंडोज कुठं आहे हे माहीत नसतं, कुणीतरी सांगावं लागतं. एकच सिस्टीम असेल तर खिडकीत विंडोजचा माणूस बसलेला असतो. उबंटू टाकलं की तिथं त्याचा माणूस येऊन बसतो. त्याचं नाव ग्रब. पूर्ण नाव भारदस्त आहे, ग्रँड युनिफाइड बूटलोडर. तो विचारतो, विंडोजची गाडी की उबंटूची? पण या ग्रबचं रजिस्टर उबंटूच्या खोलीत ठेवलेलं असतं. मी ती खोलीच पाडली. आता खिडकीत माणूस आहे पण रजिस्टर नाही, म्हणून तो नुसता तोंडाकडं बघत बसतो. विंडोजची गाडी मात्र फलाटावर जशीच्या तशी उभी आहे आणि आत आपलं सामानही.

म्हणजे फॉरमॅट मारणं म्हणजे चौकशीचा माणूस गोंधळला म्हणून गाडीच भंगारात काढणं!

इलाज काय? गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये यूईएफआय असतं. त्यात डिस्कवर शंभर एमबीच्या आसपासचं एक छोटंसं पार्टिशन असतं. विंडोजचा बूटलोडर आणि ग्रब दोघंही तिथं आपापल्या फोल्डरमध्ये शेजारी-शेजारी राहतात. ग्रबनं विंडोजच्या बूटलोडरला पुसलेलं नसतं, फक्त रांगेत त्याच्या पुढं उभा असतो. त्यामुळं लॅपटॉप पूर्ण बंद करायचा आणि चालू करतानाच बूट मेनूची की दाबत राहायची. कंपनीनुसार ती एस्केप, एफ ९ किंवा एफ १२ असते. यादी आली की ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडायचं. ग्रबपुढं ‘एक्झिट’ टाइप करून एंटर मारलं तरी पुष्कळदा तो बाजूला होऊन पुढच्याला वाट देतो.

मी निवडलं. स्क्रीन निळी झाली. विंडोज आलं? नाही. बिटलॉकर आलं, आणि त्यानं ४८ आकडी रिकव्हरी की मागितली.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते आणि चालू होण्याच्या रस्त्यात काहीतरी बदललं की कधीकधी हा पहारेकरी ओळख विचारतो. ती की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये साठवलेली असते आणि मोबाइलवरून लॉगिन करूनही बघता येते. पण कुणाच्या अकाउंटमध्ये? लॅपटॉप पहिल्यांदा ज्यानं सेट केला त्याच्या. माझा केला होता दादानं, आणि दादा पुण्यात फर्स्ट शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. दुपारी साडेतीनला तो बाहेर आला, तोपर्यंत माझं काय झालं ते विचारू नका. त्यानं स्क्रीनशॉट पाठवला. एकेक आकडा टाकला, आठवा गट चुकला, परत टाकला. आणि माझा तो पसरलेला डेस्कटॉप समोर आला. सगळ्यात आधी ‘आजोबा’ नावाचं फोल्डर उघडलं. होतं.

तेव्हा आज घरी गेल्यावर आपली की कुणाच्या अकाउंटमध्ये आहे ते बघा आणि कागदावर उतरवून ठेवा.

पुढचं किरकोळ. बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ सगळ्यात वर आणलं. यादीत उबंटूचं नाव खाली दिसत राहतं, ते दिसू दे. साफसफाईच्या नादात ते शंभर एमबीचं पार्टिशन मात्र उडवू नका, तिथं विंडोजचा माणूसही राहतो.

इंटरनेटवर शोधलं की पहिला सल्ला येतो ‘बूटरेक फिक्सएमबीआर’. मित्र त्यावर जाम वैतागतो. ही कमांड जुन्या बायोसवाल्या मशिनसाठी आहे. तिथं डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्येच बूटचा कोड असतो आणि ग्रब खरंच विंडोजच्या जागी जाऊन बसतो. अशा मशिनवर बहुतेक वेळा ‘ग्रब रेस्क्यू’ असं दिसतं. मग विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लावून, ‘इन्स्टॉल’ला हात न लावता ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’मधून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि ही कमांड द्यायची. नव्या लॅपटॉपवर ती देऊन काही साध्य होत नाही. तिथं विंडोजचा बूटलोडर खरोखरच गायब असेल, तर ‘बीसीडीबूट’ नावाची वेगळी कमांड तो परत बसवते. पण ती जाणकार शेजारी बसवूनच द्या, कारण रिपेअरमध्ये शिरल्यावर सी ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असू शकतं.

हे आत्ताच लिहायचं कारण, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुने लॅपटॉप ११ घेत नाहीत, म्हणून कॉलेजात बरेच जण लिनक्स टाकून बघतायत. जरूर टाका. सांगलीत वालचंद कॉलेजच्या मुलांचा लिनक्स यूजर्स ग्रुपच आहे, आपल्याकडं या गोष्टी विचारायला माणसं आहेत. पण नाही जमलं आणि काढायचं झालं, तर क्रम माझ्या उलटा ठेवा. आधी फाइल्स बाहेर कॉपी करा. मग बूट ऑर्डरमध्ये विंडोज वर आणा. दोनदा रीस्टार्ट करून ग्रब न दिसता थेट विंडोज येतंय ना ते बघा. पार्टिशन त्यानंतर उडवा.

डॉक्युमेंट्री सोमवारी वेळेत गेली. आजोबांचा भाग सहा मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे.

पुढच्या आठवड्यात कोयना एक्सप्रेसनं सांगलीला गेले, अर्धा किलो कंदी पेढे घेऊन. मित्रानं एक तोंडात टाकला आणि रिकामा हात पुढं केला.

“पेढे ठीक आहेत. हार्ड डिस्क आणलीस का?”