आडव्या अक्षरांची दुपार

बार्शीहून आलेली एसटी वैरागच्या स्टँडवर थांबते. पायरी उतरताच डांबराची धग तोंडावर येते. रसवंतीची घुंगरं वाजतायत. रस्ता ओलांडायचा, दुकानांच्या मागे अरुंद जिना आहे, तो चढायचा.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरची ही खोली. वर पत्रा, त्याखाली पंखा. हवा फिरते, पण गरमच. जुनी यंत्रं पुन्हा चालती करून घ्यायला आलेली माणसं भिंतीलगत बाकावर दाटीनं बसलीयत, प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी. एका मास्तरांच्या पिशवीतून बिजागरी निखळलेला लॅपटॉप डोकावतोय. कुणी चार्जर शोधतंय, कुणी रुमालानं मान पुसतंय. घाई कुणालाच नाही.

मधल्या टेबलावर एका कॉलेजातल्या मुलीचं यंत्र आहे. दिसायला लॅपटॉप, खरा तो कीबोर्ड जोडलेला टॅबलेट. २०१६ च्या सुमारास अशी यंत्रं दहा हजारांच्या आसपास मिळत होती. आत ॲटम प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि बोर्डावरच सोल्डर केलेली ३२ जीबीची साठवण. ती बदलता येत नाही. विंडोज १० नंच ती भरून टाकलीय, आणि त्या विंडोजचा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

म्हणून नवी प्रणाली टाकायचीय. "पेनड्राइव्हच दिसंना की ओ," खालचा दुकानदार म्हणतो.

मदतीला बार्शीहून आलेला मुलगा खुर्ची पुढे ओढतो. "दादा, प्रोसेसर ६४ बिटी हाय, पण फर्मवेअर, म्हंजी यंत्र सुरू करणारा आतला प्रोग्राम, ३२ बिटी. त्याला ३२ बिटी बूट फाइल लागती." खिशातून तो दुसरा पेनड्राइव्ह काढतो. त्यावर डेबियन १२, लिनक्सची एक मोफत प्रणाली. त्यात ३२ आणि ६४ बिटी, दोन्ही बूट फायली आहेत. बटण दाबलं जातं. काळा पडदा. बाकावरची कुजबुज थांबते.

अक्षरं येतात, पण आडवी. पॅनेल मुळात टॅबलेटचं, उभं धरायचं. पाच-सहा माना एकदम उजवीकडे कलतात. भाषांच्या लांबलचक यादीत कुणाचं तरी बोट 'मराठी'वर थांबतं. पुढचे प्रश्न मराठीतून येतात, मान वाकडी ठेवूनच सगळे मोठ्यानं वाचतात.

वाय-फायची पाळी येते. वाय-फायच्या चिपलाही स्वतःचं फर्मवेअर लागतं. पूर्वी ते बहुतेकदा वेगळ्या पेनड्राइव्हवर आणावं लागायचं. २०२२ मध्ये डेबियनच्या स्वयंसेवकांनी मतदान केलं आणि जून २०२३ च्या आवृत्तीपासून ते सोबतच येतं. यादीत खालच्या दुकानाचं नेटवर्क उमटतं. मुलगी पासवर्ड विचारते. खालून कुणीतरी ओरडून सांगतं.

लाइट जाते. पंखा मंदावतो, थांबतो. पत्रा कडकड वाजतो. बॅटरी किती उरलीय ते कुणालाच ठाऊक नाही. "याला पाच व्होल्ट चालत्यात," असं म्हणत एक जण पॉवर बँक जोडतो. निळी पट्टी सरकत राहते. जिन्यावरून चहा येतो, अर्धा अर्धा वाटला जातो.

यंत्र नव्यानं उघडतं. बार्शीचा मुलगा सेटिंगमध्ये पडदा फिरवतो, माना सरळ होतात. सगळं सुरू होऊनही मेमरी अर्ध्या जीबीच्या आसपासच खर्च झालेली दिसते. मुलगी इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड निवडते आणि पाच कळांत 'वैराग' लिहिते. स्पीकर मात्र गप्प आहे. "साउंडचं एक पॅकेज राहिलंय, टाकून देतो," मुलगा म्हणतो.

इथं कुणी कुणाकडून पैसे घेत नाही. कुठल्या तरी देशात कुणीतरी ३२ बिटी बूटचं कोडं सोडवलं आणि लिहून ठेवलं, म्हणून बार्शीच्या मुलाला ते कळलं. आता मुलगी वहीत एकेक पायरी उतरवून घेतेय: बूट मेन्यूची कळ, बूट फाइलचं नाव, पॅकेजचं नाव. चुकलेली पायरीही खोडत नाही, शेजारी कारण लिहिते.

मग वही मिटून ती बाकाकडे वळते.

"सर, तुमचा द्या. आधी फर्मवेअर बघू."