भोंग्यासमोर उभा राहिलेला शिपाई

11 डिसेंबर 1916. बर्लिनच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर, व्यून्सडोर्फच्या युद्धकैदी छावणीत फिरोजपूरकडचा एक शीख शिपाई ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर उभा आहे. वेळ मिळणार जेमतेम दीड मिनिट. तेवढ्यात तो एक गोष्ट सांगतो. कुणी एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, दूध प्यायचा. मग तो विलायतेच्या लढाईत आला आणि जर्मनांच्या हाती सापडला. आता त्याला घरी जायचंय. गेला तर पुन्हा तेच खाणंपिणं मिळेल. आणखी दोन वर्षं इथेच राहिला तर मरेल. देवाने कृपा केली, तह झाला, तर तो सुटेल. गोष्ट संपते. 'मी' हा शब्द त्यात कुठेच येत नाही.

हा माणूस तिथे पोचला कसा? 1914च्या सप्टेंबरअखेर हिंदी पलटणी मार्सेयच्या बंदरात उतरल्या आणि थंडीचे कपडेही पुरेसे नसताना महिन्याभरात ईप्रच्या चिखलात जाऊन पडल्या. त्यांतले काही जर्मनांच्या हाती लागले. एरवी त्यांना इतर कैद्यांत ढकलून दिलं असतं. पण त्याच नोव्हेंबरात तुर्कस्तानने जिहाद पुकारला आणि माक्स फॉन ओपेनहाइम या जर्मन मुत्सद्द्याच्या योजनेला भाव आला. इंग्रज, फ्रेंच आणि रशियनांच्या फौजांतले मुसलमान फितवायचे, कैद्यांचं मन वळवून त्यांनाच उलट लढायला पाठवायचं, अशी ती योजना. त्यासाठी उभारलेल्या छावणीचं नाव 'हाल्बमोंडलागर', म्हणजे अर्धचंद्र छावणी. हिंदू आणि शीख कैद्यांचा भाग वेगळा होता, त्याला नुसतंच 'इंडरलागर' म्हणत. त्यांच्यापुढे जिहादऐवजी स्वराज्य वाढलं जाई. बर्लिनमधले आपले क्रांतिकारक व्याख्यानं द्यायला येत आणि 'हिंदोस्तान' नावाचं पत्रक हिंदी-उर्दूत छापून वाटलं जाई.

बडदास्त अशी की जावयाने हेवा करावा. धर्माप्रमाणे कापलेलं मांस, ज्याची त्याची चूल वेगळी, सणवार साजरे, आणि सणाचे फोटो काढून त्यांची पोस्टकार्डं जगभर. 1915च्या जुलैत तर छावणीत चक्क लाकडी मशीद उभी राहिली, घुमट आणि मिनारासकट. प्रार्थनेसाठी बांधलेली ती जर्मनीतली पहिलीच मशीद. नाटक होतंच, पण नाटकातलं जेवण खरं होतं आणि भुकेल्या माणसाला तेवढं पुरतं. त्याच वर्षांत मेसोपोटेमियातल्या कूतला वेढ्यात अडकलेली आपली 110वी मराठा पलटण 29 एप्रिल 1916ला तुर्कांना शरण गेली. तुर्क जर्मनांचेच दोस्त. पण तिकडे पोस्टकार्डं वगैरे काही नव्हती. कूतच्या हिंदी कैद्यांपैकी कितीतरी जण रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले.

एवढं करून फितुरीचं पीक फारसं आलं नाही. हिंदी कैद्यांना खाऊ लागली ती थंडी आणि क्षय. 1917त त्यांतल्या बऱ्याच जणांना उबदार हवेसाठी रुमानियात हलवलं.

पण कान भरायला म्हणून गोळा केलेल्या या माणसांच्या तोंडातही काही आहे, हे तिसऱ्याच मंडळींच्या ध्यानात आलं. विल्हेल्म डोगेन नावाच्या शाळामास्तराला जगातल्या सगळ्या भाषांचं ध्वनिसंग्रहालय करायचं होतं. एरवी दुनिया पालथी घालावी लागली असती. युद्धाने दुनिया कुंपणात आणून ठेवली. 1915 ते 1918 या काळात त्याच्या फोनोग्राफिक कमिशनने छावण्या-छावण्यांतून सोळाशेहून अधिक तबकड्या भरल्या. गुरख्यांची गाणी ऐकायला हाइनरिश ल्यूडर्ससारखा संस्कृतचा पंडित येऊन बसला.

पद्धत काटेकोर होती. आधी फॉर्म भरायचा: जन्म कुठला, आईबाप कुठले, शाळा किती, धर्म कोणता, गाता येतं का, वाजवता येतं का. मग मजकूर लिहून घ्यायचा, घोकून घ्यायचा आणि खूण झाली की भोंग्यात बोलायचं. आवाज कसा आहे, याचाही शेरा मारला जाई. पुष्कळदा बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट बोलून घेत. आपल्याकडे ग्रियर्सनने भाषासर्वेक्षणात हीच गोष्ट वापरली. 1905च्या त्याच्या मराठी खंडात ती वऱ्हाडीत, कोकणीत, कुठल्या कुठल्या बोलीत भेटते. घर सोडून गेलेला, उपाशी मुलगा बापाकडे परततो, अशी ती गोष्ट. कैद्याकडून नेमकी तीच वदवून घ्यावी, यात त्या विद्वानांना काही खुपलं नसेल का? त्यांचं लक्ष बहुधा क्रियापदांकडे असावं. लोण्याच्या गोष्टीतला 'एक माणूस' मला या उधळ्या मुलाचाच भाऊ वाटतो, फक्त याचा परतीचा रस्ता तहावर अडलेला.

त्या तबकड्या आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहेत. 2007 साली फिलिप शेफ्नरने त्यांच्यावर 'द हाफमून फाइल्स' हा चित्रपट केला, आणि लोण्याची ती गोष्ट नव्वद वर्षांनी चित्रपटगृहात ऐकू आली.

छावणीजवळच्या त्सेरेन्सडोर्फच्या दफनभूमीत 206 हिंदी सैनिकांची नोंद आहे. लाकडी मशीद विसाच्या दशकात मोडकळीला आली म्हणून पाडली. तिथल्या रस्त्याचं नाव मात्र अजून 'मोशेश्ट्रासे', म्हणजे मशीद रस्ता. 2015 साली तिथे निर्वासितांसाठी निवारा बांधायचं ठरलं, तेव्हा पाया खणण्याआधी पुरातत्त्वाची माणसं मशिदीची जागा उकरून पाहायला आली होती.