तीळ, भोवरी आणि परकराची नाडी

त्वचेचा कॅन्सर गोऱ्यांना होतो, उन्हात रापलेल्या आपल्या कातडीला काय होणार, ही समजूत धाराशिवसारख्या उन्हाच्या जिल्ह्यात सहज पटते. तिच्यात निम्मं सत्य आहेच. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन अतिनील किरणांपासून बरीच राखण करतं, म्हणून हा आजार आपल्याकडे कमी. पण जो कॅन्सर उन्हामुळे होतच नाही, त्याला मेलॅनिन कसं अडवणार?

कमरेचंच बघा. धोतर घट्ट बांधून बांधून कमरेच्या कातडीवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद मुंबईच्या टाटा रुग्णालयातले डॉ. व. रा. खानोलकर यांनी 1945 मध्येच केली होती. साडीचा नंबर नंतर लागला. 2024 मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन रुग्ण स्त्रियांची माहिती छापून आली. ती लिहिणाऱ्यांत वर्ध्याचे डॉक्टर होते. सत्तरीतल्या एकीच्या कुशीवर दीड वर्ष न भरलेली जखम होती. ती नऊवारीखाली परकराची नाडी करकचून बांधायची. दुसरी परकर न घालता लुगडंच घट्ट नेसायची; तिचा कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. म्हणजे दोष एकट्या नाडीचा नाही, वर्षानुवर्षं त्याच जागी पडणाऱ्या दाबाचा आणि घर्षणाचा आहे.

नाडीचा काळा वळ अनेकींना असतो आणि तो कॅन्सर नव्हे. तिथं जखम झाली, खपली धरून पुन्हा फुटू लागली, कडा जाड झाल्या, तर मात्र नुसतं खोबरेल लावत बसू नये. भाजल्याच्या जुन्या व्रणावर नव्यानं उघडलेल्या जखमेलाही हेच लागू.

‘तळपायाला कसला कॅन्सर!’ असंही म्हणतात. मेलानोमा हा त्वचेचा सर्वांत घातक कॅन्सर सावळ्या लोकांत बहुधा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखालीच निघतो. गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग आधी फुटबॉलची दुखापत वाटला होता. 1981 मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी तो गेला. आपल्याकडे अशा डागाला भोवरी समजून ब्लेडनं तासतात. नखात वाढत जाणारी काळी रेघही दाखवायला हवी.

दुखत नाही म्हणून साधंच असेल, हा हिशेब सगळ्यांत महागात पडतो. सुरुवातीला त्वचेचा कॅन्सर बहुधा दुखतच नाही. लहानपणापासूनचा, न बदलणारा तीळ सहसा निरुपद्रवी. वेडावाकडा, एकाहून जास्त रंगांचा, वाढत जाणारा, रक्त येणारा तीळ संशयास्पद.

राहिली तुकडा तपासायची भीती. सुरी लागली की कॅन्सर पसरतो, हे खोटं आहे. तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्कं होत नाही, आणि लवकर सापडला तर अनेकदा तेवढा भाग कापून काढला की भागतं.

या भागाला कॅन्सरची नोंद नवी नाही. बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीत 1987पासून धाराशिवचे भूम आणि परांडा हे तालुकेही आहेत. पण नोंद होते ती निदान झाल्यावर. त्याआधीचं पाहणं घरचंच: महिन्यातून एकदा आंघोळीनंतर उजेडात कंबर, तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं आणि जुने व्रण बघावेत, पाठ घरच्यांना दाखवावी. महिनाभरात न भरलेली जखम किंवा बदलता डाग दिसला, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. नाडी आजच सैल करा.