राजाच्या डोक्यावर छत्र कशासाठी?

बालमित्रांनो, राजा म्हटला की डोळ्यांपुढे जरीचा अंगरखा, शिरपेच आणि मोत्यांचा कंठा येतो. पण भारी कपडे घातले म्हणून कोणी राजा होत नाही, बरं का! तसे कपडे श्रीमंत सावकारही घालायचा. राजा ओळखायचा तो राजचिन्हांवरून.

पहिले चिन्ह छत्र. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. डोक्यावर छत्र धरले, म्हणजे हे आता कोणाचे जहागीरदार नाहीत, स्वतंत्र राजे आहेत, हे सगळ्यांना कळले. म्हणून ते 'छत्रपती'. त्यांच्या नाण्यांवरही हाच शब्द आहे.

इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा तिथे हजर होता. सिंहासनाजवळ काय काय होते ते त्याने लिहून ठेवले. एका बाजूला भाल्यांवर मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची तोंडे, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू! मासे आरमाराचे आणि शेपट्या घोडदळाच्या खुणा, असे अभ्यासक मानतात. तराजू मात्र न्यायाचा.

आपल्या खानदेशातही राजे होते. तापीकाठी थाळनेरला फारुकी घराण्याच्या कबरी आजही आहेत. त्या घराण्यातल्या नासिरला गुजरातच्या सुलतानाने 'खान' हा किताब, पांढरे छत्र आणि लाल तंबू दिला, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. खानाचा देश तो खानदेश, असेही म्हणतात.

दूर आफ्रिकेतही छत्राचा असाच मान आहे. घाना देशातल्या अशांती लोकांचा राजा केंटे नावाचे रंगीत कापड अंगावर घेतो, सोन्याचे दागिने घालतो आणि मोठ्या छत्राखाली बसतो. त्यांचे खरे राजचिन्ह म्हणजे सोन्याचे आसन. त्यावर राजासुद्धा बसत नाही! कारण त्यात साऱ्या लोकांचा आत्मा आहे, असे ते मानतात. इंग्रज अधिकाऱ्याने ते मागितले तेव्हा १९०० साली या असांतेवा नावाच्या राणीने लढाई केली.

आपल्याकडे १९७१ साली घटना बदलून राजांचे तनखे आणि किताब बंद झाले. छत्र, चवरी, अब्दागिरी आता देवाच्या पालखीबरोबर दिसतात. पण मला वाटते, छत्र गेले तरी तराजू राहिला पाहिजे. पालकहो, तो आता तुमच्या हाती आहे. मत देताना तो नीट धरा!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी