पिशवीवरची छपाई का पुसली जाते?

तायांनो, पापड, मसाला, चटणीच्या पिशवीवर आपण गटाचं नाव, वजन, तारीख आणि एफएसएसएआय नंबर छापतो. कधी कधी ही शाई नुसती बोटानं चोळली तरी निघते. तारीख आणि नंबर पुसले गेले की दुकानदार माल घेत नाही. मग आपण शाईला नावं ठेवतो. पण बऱ्याचदा शाई चांगली असते, पिशवी जुनी असते.

पॉलिथिनचा मूळ स्वभाव मेणासारखा. त्यावर शाई टिकत नाही. म्हणून कारखान्यात छपाईच्या बाजूवर जास्त दाबाची वीज सोडतात. याला कोरोना ट्रीटमेंट म्हणतात. नाव तेच असलं तरी आजाराशी संबंध नाही! यामुळे हवेतला ऑक्सिजन प्लास्टिकच्या अगदी वरच्या थराला जोडला जातो. हेच ऑक्सिजनचे गट शाई धरून ठेवतात.

पण ते कायम वर राहत नाहीत. प्लास्टिक घट्ट दिसलं तरी त्याच्या आतल्या लांब साखळ्या हळूहळू हलत असतात. ऑक्सिजनची टोकं आत वळतात आणि मेणचट भाग पुन्हा वर येतो. शिवाय पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून प्लास्टिकमध्ये एक गुळगुळीत पदार्थ मिसळलेला असतो. लोणच्यावर तेल येतं तसा तोही वर येऊन बसतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत हे सगळं लवकर घडतं.

मग काय करायचं?

१. स्वस्त पडतात म्हणून वर्षभराच्या कोऱ्या पिशव्या एकदम घेऊ नका. लागतील तेवढ्याच घ्या आणि लवकर छापा.

२. घेताना विचारा: माल कधीचा? ट्रीटमेंट कोणत्या बाजूला आहे? छपाई त्याच बाजूला करा.

३. व्यापाऱ्याकडे डाईन पेन असेल तर ३८ नंबरची रेघ ओढायला सांगा. रेघ सलग राहिली तर पिशवी छपाईला चालेल. लगेच थेंब थेंब झाले तर घेऊ नका.

४. आधी दोन-चार पिशव्याच छापा. शाई पूर्ण वाळल्यावर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटकन ओढा. शाई पट्टीवर आली तर बाकीच्या छापू नका.

५. पिशव्या सावलीत, थंड जागी ठेवा. जुन्या आधी वापरा.

पट्टी लावून बघायला दोन मिनिटं लागतात. परत आलेला माल पुन्हा भरायला अख्खा दिवस जातो.