आग घरात की अंगणात?
घराची ऊब : भाग ५

गेल्या आठवड्यात आपण लाकूड जळतं म्हणजे काय होतं, ते पाहिलं. आधी ओल निघून जाते, मग लाकडातून वायू सुटतो, तो पेट घेतो आणि शेवटी निखारा उरतो. हा क्रम डोक्यात ठेवला, तर आजचा प्रश्न निम्मा सुटतो.

अमेरिकेच्या व्हरमाँट, मेन या थंड राज्यांत सरपणावर घर तापवणारी कुटुंबं आजही पुष्कळ आहेत. कुणाच्या बैठकीत बिडाचा स्टोव्ह असतो, तर कुणाच्या परसात पत्र्याच्या खोपटासारखा दिसणारा बॉयलर. हा बॉयलर म्हणजे आपला बंबच: मध्ये विस्तव, भोवती पाणी. फक्त पाणी शेकडो लिटर. पंप ते जमिनीखालच्या नळ्यांतून घरात खेळवतो. राख, सालपटं, किडे सगळं बाहेरच राहतं, आगीची धास्ती घरापासून लांब जाते आणि एकाच भट्टीवर घर, गोठा, आंघोळीचं पाणी सगळं भागतं.

गोम पुढे आहे. पाणी हवं तेवढं तापलं की जुन्या धाटणीचा बॉयलर हवेची झडप मिटून घेतो. आग विझत नाही, नुसती धुमसत राहते. लाकडातला वायू नीट जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. चहूबाजूंनी पाणी असलेल्या, हवा तोडलेल्या भट्टीत ती मिळत नाही. मग न जळलेला वायू धूर होऊन बाहेर पडतो आणि धुराडं आखूड असल्याने थेट शेजाऱ्याच्या खिडकीत शिरतो. व्हरमाँटने १९९७ मध्येच असे बॉयलर शेजारच्या घरापासून किमान २०० फूट लांब ठेवण्याचा नियम केला. देशपातळीवर धुराची मर्यादा २०१५ मध्ये आली आणि २०२० मध्ये ती आणखी कडक झाली.

घरातल्या स्टोव्हची उष्णता थेट खोलीत उतरते, वाटेत नळ्यांत वाया जात नाही. साध्या स्टोव्हला पंपही लागत नाही, त्यामुळे हिमवादळात वीज गेली तरी घर उबदार राहतं. उणीव अशी की बैठकीत घाम फुटतो आणि मागची खोली गारठलेली असते. धुराडं दरवर्षी साफ करावं लागतं आणि घरात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा भोंगा हवाच. ‘असू दे जरा मोठा’ म्हणून गरजेपेक्षा मोठा स्टोव्ह घेतला, तर उकाड्याने लोक त्याची हवा कोंडतात आणि तोही धुमसायला लागतो.

म्हणजे आग कुठे आहे यापेक्षा ती मोकळी जळते की कोंडून, हे महत्त्वाचं. म्हणूनच तिसरा पर्याय पुढे आला: वायू वेगळ्या कक्षात जाळणारा बॉयलर आणि जोडीला पाण्याची मोठी टाकी. आग भरात जाळायची आणि उष्णता साठवायची. २,००० लिटर पाणी ४० अंशांनी तापलं, तर त्यात सुमारे ९० युनिट विजेइतकी उष्णता मावते. खर्च आणि जागा मात्र जास्त लागते.

घर लहान, शेजार जवळ, वीज बेभरवशाची असेल, तर बेताच्या आकाराचा स्टोव्ह घ्यावा. दोन-तीन इमारती आणि मोकळं रान असेल, तर नव्या नियमांत बसणारा बाहेरचा बॉयलर. मोठ्या घराला आणि दाट वस्तीला टाकीवाली व्यवस्था बरी.

‘बाहेरच्या बॉयलरला ओलं लाकूडही चालतं’ या बोलण्यावर मात्र जाऊ नये. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर ओलमापकाच्या सुया टोचाव्यात. आकडा २० टक्क्यांच्या वर गेला, तर महागातली भट्टीसुद्धा धूरच ओकणार.

पुढच्या आठवड्यात : सरपण कधी फोडायचं आणि कसं रचायचं.